अमानत आणि चाचणी: हार्ड डिस्क नजरेआड ठेवण्याविषयी



स्कॅनर कोणता घ्यावा, कागद किती डीपीआयला स्कॅन करावा, फायलींना नावं कशी द्यावीत, हे सगळं सकाळच्या सत्रात झालं आहे. माझा विषय त्याच्या शेजारचाच आहे, पण त्यावर सहसा कुणी बोलत नाही. संगणकावर एखादं नवं, अनोळखी सॉफ्टवेअर चालवून पाहायचं असतं, तेव्हा त्याच संगणकातल्या बाकीच्या हार्ड डिस्क त्याच्या नजरेला पडू नयेत याची व्यवस्था कशी करायची, एवढंच मी सांगणार आहे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते शोधण्यात माझा बराचसा दिवस जातो. त्यामुळे सॉफ्टवेअरवर पटकन विश्वास टाकायचा नाही ही सवय लागली आहे. ती थोडी तुम्हालाही लागावी म्हणून आलो आहे.

आधी, जपायचं काय आहे ते पाहू. आपल्यासारख्या चळवळींच्या कपाटात दोन तऱ्हेचे कागद असतात. एक म्हणजे चळवळीचा स्वतःचा इतिहास: जुने अंक, पत्रकं, पत्रव्यवहार, मोर्चांचे फोटो. दुसरे कागद आपल्याकडे मदत मागायला आलेल्या बायकांचे. निकाहनाम्यांच्या नकला, पोस्टाने आलेली तलाकची पत्रं, पोटगीचे अर्ज, पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या, आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या हकिकतींची रेकॉर्डिंग. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला, २०१९ मध्ये त्यावर कायदा आला. पण पोटगीचा, मुलांच्या ताब्याचा, मेहेरचा वाद त्या तारखेला संपत नाही. तलाकचं पत्र कुठल्या तारखेला पोस्टात पडलं हे पाकिटावरच्या शिक्क्यावरून ठरतं, आणि तो शिक्का आज कित्येकदा फक्त स्कॅनमध्ये उरलेला असतो. मूळ कागद घर बदलताना हरवतात, सासरी अडकतात, पुरात जातात. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या किती घरांतली कागदपत्रं गेली हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत आहे.

पहिल्या तऱ्हेचे कागद आपले आहेत. दुसऱ्या तऱ्हेचे आपले नाहीत, ती अमानत आहे. तिच्या बाबतीत दोन भीती वेगवेगळ्या धरायला हव्यात. कागद पुसला जाणं ही एक, आणि नको त्या माणसाच्या हाती पडणं ही दुसरी. एकीवरचा उपाय दुसरीवर चालतोच असं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नवं सॉफ्टवेअर आपल्याला लागतंच कशाला? लागतं. जुना उर्दू मजकूर बराचसा इनपेजमध्ये टाइप केलेला आहे, तो युनिकोडमध्ये आणायचा तर कन्व्हर्टर लागतो. जुना मराठी मजकूर श्रीलिपीत किंवा अशाच एखाद्या फाँटमध्ये आहे, त्याची तीच गत. नस्तालीक अक्षर ओळखणारं ओसीआर अजूनही कच्चं आहे, म्हणून कुणी नवं काही बनवलं की आपण ते लावून बघतो. स्कॅन हजारोंच्या घरात गेले की नावं एकगठ्ठा बदलणारं काहीतरी हवं असतं. आणि जागा भरली की कुणीतरी हमखास ‘डुप्लिकेट फाइंडर’ घेऊन येतो. एकसारखे फोटो शोधून जादाचे काढून टाकणारा प्रोग्राम. अंगठ्याचे ठसे असलेली दोन पानं, किंवा एकाच कागदाची पुढची-मागची फिकट बाजू, त्याला ‘एकसारखी’ वाटू शकते. तो त्याचं काम चोख करत असतो, फक्त त्याला आपला कागद वाचता येत नाही.

यातलं बरंचसं सॉफ्टवेअर एकट्यादुकट्या विद्यार्थ्याने सुट्टीत लिहिलेलं असतं, फुकट असतं आणि चांगल्या हेतूने दिलेलं असतं. मी त्याला नको म्हणायला आलेलो नाही. उलट मराठी आणि उर्दूसाठी अशी माणसंच कामं करतात, मोठ्या कंपन्यांना आपल्या नस्तालीकशी फार देणंघेणं नाही. पण चांगला हेतू डिस्क वाचवत नाही, हे सांगणारा इतिहास भरपूर आहे.

स्टीम नावाची गेम विकणारी सेवा आहे, तिच्या लिनक्सवरच्या प्रोग्रामची २०१५ च्या जानेवारीतली गोष्ट घ्या. तो प्रोग्राम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: स्टीमचा फोल्डर जिथे असेल त्याच्या आतलं सगळं पुसून टाक. फोल्डर कुठे आहे हे स्क्रिप्ट स्वतःच शोधायची. एका वापरणाऱ्याने तो फोल्डर दुसऱ्या जागी हलवला होता. स्क्रिप्टला तो सापडला नाही, त्यामुळे त्या जागेचं नाव रिकामं राहिलं आणि हुकूम उरला तो ‘मुळापासून सगळं पुस’ असा. त्या माणसाच्या मालकीच्या सगळ्या फायली गेल्या. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे जोडलेल्या बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवरच्याही गेल्या, तिथे तर त्याचा बॅकअप होता. लिहिणाऱ्याने त्या ओळीजवळ ‘भीतिदायक’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा मारून ठेवला होता. म्हणजे त्याला धोका दिसला होता, आणि तरी ओळ तशीच बाहेर पडली.

ही एकटीदुकटी गोष्ट नाही. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या लिनक्स प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक स्पेस जास्त पडली आणि एका उपफोल्डरऐवजी ‘यूएसआर’ हा अख्खा फोल्डर पुसला जाऊ लागला. २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २ च्या इन्स्टॉलरने काही जणांच्या डिस्कच्या डिस्क साफ केल्या, कारण डिस्कच्या नावात स्पेस असू शकते हे स्क्रिप्टने धरलंच नव्हतं. कंपनीला तो घाईघाईने मागे घ्यावा लागला. त्याआधी १९९८ मध्ये मिथ २ नावाच्या गेमचा अनइन्स्टॉलर, गेम ज्या जागी बसवली असेल ती अख्खी जागा पुसायचा. कुणी ती थेट ड्राइव्हच्या मुळाशी बसवली असेल तर अख्खा ड्राइव्ह. आणि विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली गेल्याच्या तक्रारींमुळे मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत थांबवलं.

यात कुठेही चोर नाही, व्हायरस नाही. पगारी इंजिनिअर, नावाजलेल्या कंपन्या आणि एक चुकलेली ओळ, बस्स.

चोर असतील तर? तेही सांगतो, कारण आपला संबंध इनपेजशी येतो. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की इनपेजमधल्या एका दोषाचा फायदा घेऊन तयार केलेल्या इनपेज फायली बँकांसारख्या ठिकाणी पाठवल्या जात होत्या. नुसती फाइल उघडली की आतला कोड चालू. आपल्याकडे ‘जुना मजकूर आहे, बघा’ म्हणून पेनड्राइव्हवर येणाऱ्या इनपेज फायली किती, मोजा. आणि इनपेजच्या फुकट फिरणाऱ्या ‘क्रॅक’ प्रती हा तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, त्याचं निमंत्रण मी आजच स्वीकारतो.

२०१७ च्या जूनमधलं नॉटपेट्याही आठवत असेल. युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते पसरलं. म्हणजे ज्यांनी नियमाने अपडेट केलं त्यांच्यातच ते आधी शिरलं. मर्स्क कंपनीचे संगणक बसले आणि त्याचा फटका आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या टर्मिनलपर्यंत आला.

तर मग डिस्क लपवायची. कशी? इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

विंडोजमध्ये डी, ई ही अक्षरं म्हणजे घरावरच्या पाट्या आहेत. डिस्क मॅनेजमेंट उघडून डी हे अक्षर काढून टाकलं की ‘धिस पीसी’मध्ये तो ड्राइव्ह दिसेनासा होतो, आणि माणसाला वाटतं लपला. पाटी काढली, घर तिथेच आहे. प्रत्येक व्हॉल्यूमला विंडोज एक लांबलचक अंतर्गत ओळखही देतं, तिच्यावरून कुठल्याही प्रोग्रामला आत जाता येतं. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळालेला प्रोग्राम तर ‘फिजिकल ड्राइव्ह क्रमांक १’ असं म्हणून थेट डिस्कवर लिहू शकतो, त्याला व्हॉल्यूमचीही गरज पडत नाही. अलीकडची अनेक रॅन्समवेअर पहिलं काम हेच करतात. अक्षर नसलेले व्हॉल्यूम शोधतात, त्यांना अक्षर देतात आणि मग आतल्या फायलींना कुलूप लावतात.

ग्रुप पॉलिसीमध्येही ड्राइव्ह लपवायची सोय आहे, सायबर कॅफेवाले ती वापरायचे. तीही फक्त एक्सप्लोररच्या खिडकीपुरती. त्याच्या बरोबरीची ‘ड्राइव्हमध्ये जायला मनाई’ ही सेटिंगही प्रोग्रामना अडवत नाही, आणि हे मायक्रोसॉफ्टने त्या सेटिंगच्या वर्णनातच लिहून ठेवलं आहे. हे सगळे पडदे आहेत. आणि पडद्याने सुरक्षितता येत नाही, हे या सभागृहाला मी सांगायची गरज नाही.

(हशा.)

पडद्याच्या पुढची पायरी म्हणजे डिस्क ‘ऑफलाइन’ करणं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये खालच्या बाजूला ‘डिस्क १’ असा चौकोन दिसतो, त्यावर उजवी क्लिक करून ऑफलाइन निवडायचं. किंवा डिस्कपार्ट या हत्याराने: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क १, ऑफलाइन डिस्क. आता विंडोज त्या डिस्कवरचे व्हॉल्यूम उघडत नाही, आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी ती स्थिती टिकते. साध्या, चुकलेल्या प्रोग्रामपासून हे चांगलं संरक्षण आहे. स्टीमसारखी चूक विंडोजवर झाली असती तर ऑफलाइन डिस्कला धक्का लागला नसता, कारण त्या डिस्कवरच्या फायलींपर्यंत जायला वाटच उरत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्क ‘डिसेबल’ करणं साधारण याच जातीचं. पण ही कडी आतून लावलेली आहे. ज्याच्याकडे ॲडमिनचे अधिकार आहेत तो ती काढू शकतो. आणि सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ‘यस’ दाबून आपण अधिकार देतो ते हेच.

आता एक उपप्रश्न. बिटलॉकरने डिस्कला कुलूप घातलं तर पुरे नाही का? मघाच्या दोन भीती आठवा. कुलूप लावलेली डिस्क कुणाला वाचता येत नाही, म्हणजे दुसरी भीती गेली. पण कुलूपबंद डिस्क पुसता मात्र येते. फॉर्मॅट करणाऱ्याला आत काय आहे ते कळायची गरज नसते. म्हणून कुलूप हवंच, पण त्याने पहिली भीती जात नाही.

खरी भिंत संगणक चालू होण्याच्या आधी घालावी लागते. बऱ्याच मदरबोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे आता यूईएफआयमध्ये, प्रत्येक साटा पोर्ट वेगळा बंद करता येतो. बंद केला की त्यावरची डिस्क विंडोजच्या दृष्टीने नाहीच. मात्र हे प्रत्येक बोर्डवर सारखं नाही, आणि बोर्डवर थेट बसवलेल्या एनव्हीएमई डिस्कसाठी ही सोय अनेकदा नसते. म्हणून बायोसमध्ये बंद केल्यावर विंडोज चालू करून डिस्क मॅनेजमेंटमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. दिसली नाही तरच बंद आहे असं धरायचं.

आणि सगळ्यात भक्कम उपाय सगळ्यात अडाणी आहे: वायर काढणं. संगणक पूर्ण बंद करून, प्लग काढून, डिस्कची पॉवरची वायर सोडवायची. जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर वीज नसलेल्या डिस्कवर लिहू शकत नाही. माझ्या क्षेत्रातले लोक हा उपाय सांगताना जरा लाजतात, कारण त्यात अक्कल दिसत नाही. मला तो फार आवडतो. अडचण एवढीच की साटाचे आतले कनेक्टर साधारण ५० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेले असतात. रोज झटापट केली तर वर्षभरात सैल होतील. म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या खणात बसणारा, प्रत्येक डिस्कला वेगळं बटण असलेला पॉवर स्विच मिळतो तो बसवायचा, किंवा डिस्क सरकवून काढता येईल असा ट्रे. बटणाला मात्र संगणक चालू असताना हात लावायचा नाही.

इथे मागच्या ओळीतल्या एका ताईंनी हात वर केला आहे. त्या विचारताहेत, एवढा खटाटोप करण्यापेक्षा व्हर्च्युअल मशीन का नाही? बरोबर प्रश्न आहे, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘तेच करा’ असं आहे. व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं. त्यात एक खोटा संगणक तयार होतो, त्याची हार्ड डिस्क म्हणजे आपल्या खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल. आतल्या विंडोजला बाहेरच्या डिस्क दिसत नाहीत, त्याच्या जगात त्या नाहीतच. चाचणीआधी स्नॅपशॉट घ्यायचा, चाचणी बिघडली की स्नॅपशॉटवर परत यायचं. विंडोज १० आणि ११ च्या प्रो आवृत्तीत विंडोज सँडबॉक्सही आहे, त्याची खिडकी बंद केली की आतलं सगळं नाहीसं होतं. होम आवृत्तीत तो नाही. कन्व्हर्टर, नावं बदलणारे प्रोग्राम, डुप्लिकेट शोधणारे, यांची चाचणी सरळ यात करा.

फक्त भिंतीला भोकं पाडू नका. शेअर्ड फोल्डर नावाची सोय असते, तिने बाहेरचा फोल्डर आत दिसतो. सोयीचं असतं म्हणून लोक अख्खा डी ड्राइव्ह आत देऊन टाकतात आणि मग भिंतीचा उपयोग राहत नाही. द्यायचाच तर एकच फोल्डर द्या, त्यात नकला ठेवा आणि तो फक्त वाचण्यापुरता द्या. नेटवर्कही बंद ठेवा. सँडबॉक्समध्ये इंटरनेट आपोआप चालू असतं. कार्यालयात एखादा नेटवर्क फोल्डर असेल, तर हार्ड डिस्क लपवली तरी तो उघडाच राहिला.

पण व्हर्च्युअल मशीनला सगळं जमत नाही. स्कॅनरचा ड्रायव्हर तपासायचा असेल, डोंगल लागणारं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर असेल, ग्राफिक्स कार्डावर चालणारं नवं ओसीआर असेल, तर खरं यंत्रच लागतं. शिवाय आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून तिथे सभ्यपणे वागणारी घातक सॉफ्टवेअरही असतात. अशा वेळी चाचणीची स्वतंत्र डिस्क हवी.

ती कशी करायची हे थोडं तपशिलात सांगतो, कारण इथे घसरायला बऱ्याच जागा आहेत. एक छोटी, स्वस्तातली एसएसडी घ्यायची. तिच्यावर विंडोज चढवताना बाकीच्या सगळ्या डिस्क सोडवून ठेवायच्या. हे नाही केलं तर विंडोजचा इन्स्टॉलर पहिल्या डिस्कवर आधीपासून असलेलं बूट पार्टिशनच वापरतो. विंडोज नव्या डिस्कवर आणि त्याची किल्ली जुन्या डिस्कवर, असं लग्न लागतं. मग जुनी डिस्क काढली की नवी सुरूच होत नाही, म्हणजे जी लपवायची तीच सतत जोडून ठेवावी लागते.

दुसरी जागा फास्ट स्टार्टअपची. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ दाबलं तरी संगणक पुरता बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर अर्धवट झोपवून ठेवलेला असतो, उघड्या फायलींच्या हिशोबासकट. त्या अवस्थेत दुसऱ्या डिस्कवरचं विंडोज सुरू करून पहिल्या डिस्कवर काही लिहिलं गेलं, तर पहिलं विंडोज जागं झाल्यावर जुन्या हिशोबाने पुढे लिहायला लागतं आणि फाइल सिस्टीम बिघडते. म्हणून पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, किंवा निदान शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. आणि एरवीही, दुसरं विंडोज ज्या ज्या डिस्क बघतं त्यांवर स्वतःचं काहीतरी ठेवतंच: रिसायकल बिन, सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, कधी आपण होऊन चालवलेली डिस्कची तपासणी. अमानतीच्या डिस्कवर चाचणीच्या विंडोजचं एक अक्षरही उमटू नये, एवढा साधा नियम ठेवा.

तिसरी गोष्ट फार बारीक आहे, पण कामाची. डिस्क मुद्दाम वेगवेगळ्या आकाराच्या घ्या. चाचणीची २४० जीबी, कामाची १ टीबी, अमानतीची ४ टीबी. डिस्क ०, डिस्क १ हे क्रमांक कधीही बदलू शकतात, त्यांवर विसंबू नका. आकडा मात्र खोटं बोलत नाही. चाचणी सुरू करण्याआधी डिस्क मॅनेजमेंट उघडायचं. तिथे २४० च्या आसपासची एकच डिस्क दिसली पाहिजे. दुसरी कुठलीही दिसली तर थांबायचं, संगणक बंद करून बटणं तपासायची. आपल्याकडे कार्यकर्ते पाळीपाळीने बसतात, प्रत्येकाला तांत्रिक बाबी कळतील असं नाही, पण ‘एकच दिसली पाहिजे’ हे कुणालाही कळतं. कॅबिनेटवर कागद चिकटवा, मराठीत आणि उर्दूत.

ही डिस्क तयार झाली की क्लोनझिला या फुकट सॉफ्टवेअरने तिची प्रतिमा काढून ठेवा. चाचणी झाली की ‘काही बिघडलेलं दिसत नाही’ म्हणून तशीच वापरत राहू नका, प्रतिमा परत चढवा. जे दिसत नाही त्याचीच तर भीती आहे.

चाचणीला खरे कागद लागतील, असं तुम्ही म्हणाल. नस्तालीकचं ओसीआर चांगलं की वाईट हे आपल्या कागदांवरच कळणार. मान्य. पण त्यासाठी छापून प्रसिद्ध झालेले जुने अंक आहेत, पत्रकं आहेत. निकाहनामा हवाच असेल तर कोरा छापील नमुना घेऊन त्यात काल्पनिक नावं हाताने भरा आणि तो स्कॅन करा. एखाद्या अक्षराचं वळण अवघड म्हणून कुण्या खालाची खरी पोटगीची फाइल चाचणीच्या डिस्कवर न्यायची नाही. अशी फाइल बाहेर गेली तर ती बाई ज्या मोहल्ल्यात राहते तिथे तिचं काय होईल, हे मला इंजिनिअर म्हणून ठाऊक नाही, पण तुम्हा कार्यकर्त्यांना नक्की ठाऊक आहे. आणि निकाल बाहेर काढताना पेनड्राइव्ह लावला की भिंतीला पुन्हा भोक पडलं. साधी टेक्स्ट फाइल तेवढी आणा, प्रोग्राम आणू नका, आणि तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नका.

एका चाचांनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे: ‘डिस्क लपवली म्हणजे बॅकअपची गरज नाही ना?’ आहे. लपवलेली डिस्क आपोआप बंद पडू शकते, तिला सॉफ्टवेअरची मदत लागत नाही. अमानतीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या इमारतीत, कुलूपबंद. लपवणं हा चाचणीच्या दोन तासांपुरता उपाय आहे. बॅकअप बाकीच्या आयुष्यासाठी. पूर दोन्ही डिस्क एकदम घेऊन जातो, लपवलेली आणि न लपवलेली.

शेवटचा प्रश्न लॅपटॉपचा आला आहे, आणि बहुतेकांकडे लॅपटॉपच आहेत. त्यात एकच डिस्क, तीही बोर्डवर बसवलेली. तिथे लपवायला जागा नाही, म्हणून लॅपटॉपवर अमानत ठेवायचीच नाही. ती बाहेरच्या डिस्कवर ठेवा, कपाटात, आणि चाचणीच्या दिवशी ते कपाट उघडू नका. लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवा. रॅम ८ जीबी असेल तर जरा रखडेल, चहा घेऊन या.

मी एक जुनं कॅबिनेट, दोन डिस्क आणि बटणांचा स्विच सोबत आणला आहे. ज्यांना वायर कुठली आणि बटण कुठलं हे हाताने करून बघायचं आहे त्यांनी डावीकडच्या टेबलाशी यावं. स्क्रूड्रायव्हर दोनच आहेत, तेव्हा दोघा-दोघांनी.